उटीच्या पहाटे वॉशर गोठतो तेव्हा

गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी मारणारा वॉशर थंडीत गोठला तर काय करायचं, हा आजचा विषय. म्हैसुरात बसून हे बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. डिसेंबर-जानेवारीतही इथे पहाटेचा पारा पंधराच्या आसपास असतो, स्वेटर घालतात तो निम्मा हौसेने. पण इथून सव्वाशे किलोमीटरवर उटी आहे. म्हैसूर-बंगळूरची माणसं आणि पुण्या-कोल्हापूर-बेळगावहून स्वतःची गाडी घेऊन आलेली माणसं नाताळच्या सुट्टीत इथला राजवाडा बघतात आणि गुंडलुपेट, बंदीपूर करत सरळ वर चढतात. गाडीच्या टाकीत पाणी म्हैसूरचं आणि रात्र उटीची. घोटाळा तिथे होतो.

आधी हे समजून घेऊ की दक्षिणेत, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पाणी गोठतंच कसं. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरवर आहे, उटी २२४० मीटरवर. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे दोन्ही गावांत फरक पडायला हवा नऊ-दहा अंशांचा. पंधरातून दहा गेले तरी पाच उरतात, शून्य नाही. मग बाकीचं काम कोण करतं? निरभ्र आकाश. थंडीत रात्री ढग नसले आणि वारा पडलेला असला, की जमीन, गवत, मोटारीचं छत आणि काच आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत बसतात. ती परत पाठवायला वर ढगांचं पांघरूण नसतं. त्यामुळे काच भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. शिवाय गार हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. म्हणून उटीजवळच्या तलैकुंदासारख्या सखल माळावर आणि रेसकोर्सच्या मैदानावर पांढरी चादर दिसते, आणि वरच्या टेकडीवरच्या बंगल्यात तसं काहीच नसतं. तमिळमध्ये याला उरैपनी म्हणतात, गोठलेलं दव. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात, तोच हा प्रकार. उटी त्याहून बरीच उंच, म्हणून तिथे तो जास्त वेळा होतो, आणि चहाची कोवळी पानं करपतात ती यानेच.

यातून लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की मोबाईलवर उटीचं तापमान तीन अंश दाखवत असलं तरी तुमच्या गाडीची काच शून्याखाली असू शकते.

आता वॉशरकडे येऊ. रचना अगदी साधी आहे. बॉनेटखाली किंवा मडगार्डच्या आत दोन-तीन लिटरची प्लास्टिकची टाकी, तिला चिकटलेली बारा व्होल्टची छोटी मोटर, तिथून निघालेली रबराची किंवा प्लास्टिकची बारीक नळी, आणि बॉनेटवर किंवा वायपरजवळ दोन नोझल. स्टेअरिंगजवळची दांडी ओढली की मोटर पाणी ढकलते. या सगळ्यात आधी काय गोठतं? टाकी नाही. दोन लिटर पाणी एका रात्रीत उटीच्या थंडीत पूर्ण गोठत नाही. गोठतं ते नोझलच्या तोंडाशी अडकलेलं थेंबभर पाणी आणि नळीचा उघडा पडलेला शेवटचा तुकडा. थेंबभरच, पण बूच बसायला तेवढा पुरतो. मग तुम्ही दांडी ओढता, मोटर घूं घूं करते आणि पाणी येत नाही. लोक चिडून दांडी ओढूनच धरतात. पाण्याला वाट नसते, दाबाने नळी सांध्यातून निसटते आणि बॉनेटखालीच कारंजं उडतं. कधी मोटर जळते, कधी फ्यूज जातो. आवाज येतोय पण पाणी नाही, तर नोझल गोठलंय. आवाजच नाही, तर मोटर अडकलीय किंवा फ्यूज गेलाय. हा फरक कानाने कळतो, गॅरेजवाल्याची गरज नाही.

पण मला जास्त भीती वाटते ती पाणी येत नाही याची नव्हे, पाणी येतं त्याची.

माझा कोल्हापूरचा भाचा गेल्या जानेवारीत बायको-मुलांना घेऊन उटीला गेला होता. सकाळी सातला निघाला. काचेवरचा पांढरा थर हाताने पुसून ताटाएवढी जागा मोकळी केली आणि गाडी काढली. दहा मिनिटांत इंजिन तापलं, बॉनेट तापलं, नोझल मोकळं झालं. इथवर ठीक. एका वळणावर ऊन समोरून आलं, काच धुरकट दिसली, म्हणून त्याने चालत्या गाडीत दांडी ओढली. पाणी छान उडालं, वायपर फिरला, आणि पुढच्या क्षणी समोरचं सगळं नाहीसं झालं. इंजिन तापलं होतं, पण काच अजून शून्याखाली होती. त्यावर पडलेलं पाणी वाऱ्याने लगेच गोठलं आणि वायपरने ते नीट पसरवून दिलं. त्यात समोरून ऊन. तो म्हणाला, मामा, दुधी काचेच्या खिडकीतून बघावं तसं झालं. त्याने डोकं शाबूत ठेवलं. ब्रेकवर एकदम उभा राहिला नाही, बाजूची काच खाली घेऊन रस्त्याची कड बघत गाडी डावीकडे घेतली आणि पार्किंगचे दिवे लावले. मागून बस नव्हती. घाट उतरताना हेच झालं असतं तर? कल्हट्टी घाटाला छत्तीस तीव्र वळणं आहेत.

म्हणून पहिला नियम: काच आतून हाताला कोमट लागेपर्यंत वॉशरला हात लावायचा नाही.

मग सकाळी करायचं काय? किल्ली फिरवायच्या आधी वायपरचं बटण बंद आहे ना ते बघा. रबर काचेला चिकटलेलं असतं, आणि वायपर आपोआप चालू झाला तर रबराची कड फाटते नाहीतर मोटर ताणते. मग गाडी उघड्या जागी सुरू करा, बंद गॅरेजमध्ये नको. हवेचा झोत पुढच्या काचेकडे वळवा आणि तापमानाचं बटण लाल बाजूला न्या. दक्षिणेत राहणाऱ्यांना गाडीला हीटर असतो हेच माहीत नसतं, कितीतरी जणांचं ते बटण नव्या गाडीपासून निळ्यावरच असतं! सोबत एसीही चालू ठेवा. हीटर आणि एसी एकत्र म्हटलं की लोक बुचकळ्यात पडतात, पण एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर तीच हवा तापवतो, त्यामुळे आतलं धुकंही जातं. इंजिनाचं पाणी तापायला पाच-दहा मिनिटं लागतात. तोवर बाहेरचा थर जुन्या एटीएम कार्डाने किंवा मुलांच्या प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्टीलचा चमचा, उलथनं नको, ओरखडे कायमचे राहतात.

आणि उकळतं पाणी अजिबात नको. हॉटेलचा पोऱ्या प्रेमाने बादली घेऊन येतो, त्याला हसून नको म्हणा. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. एका बाजूला एकदम ऊब लागली आणि कुठे खड्याचा बारीक टवका आधीच उडालेला असला, तर तिथून तडा धावत जातो. नोझल मोकळं करायला कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर दोन मिनिटं ठेवलं तरी पुरतं.

याहून सोपं म्हणजे रात्रीच थोडी तजवीज करणं. गाडी उघड्या मैदानात न लावता झाडाखाली किंवा पत्र्याखाली लावा, कारण झाड हे गाडीपुरतं ढगाचंच काम करतं. पुढच्या काचेवर कोरडा पुठ्ठा टाकून तो वायपरखाली दाबा. चादर नको, ती ओली होऊन काचेलाच चिकटते. जमलं तर गाडीचं तोंड पूर्वेकडे करा, सकाळचं ऊन फुकटात काम करतं.

आता टाकीत काय भरायचं. आपल्याकडे दुकानात मिळणारी शाम्पूसारखी पुडी पाण्यात टाकली की काच स्वच्छ होते, पण गोठायचं ते पाणी गोठतंच. साबणाने गोठणबिंदू फारसा उतरत नाही. मीठ टाकायची आयडिया कोणीतरी सांगतंच. मिठाने पाणी गोठायचं लांबतं हे खरं, पण नोझल बुजतात, काचेवर पांढरे डाग राहतात आणि पत्रा गंजतो. रेडिएटरचा कूलंट तर मुळीच नको. तो काचेवर तेलकट फराटे ओढतो, आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर चवीचं विष असतं. जमिनीवर सांडलं तर कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

चालतं ते अल्कोहोल. औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. तीन भाग पाणी आणि एक भाग हे अल्कोहोल असं मिश्रण साधारण उणे सात-आठपर्यंत गोठत नाही, उटीला तेवढं भरपूर झालं. दुकानात सत्तर टक्केवालं मिळालं तर ते थोडं जास्त घ्या. सॅनिटायझरची जेल ओतू नका, ती चिकट असते. उटीला उणे एक-दोनच असताना इतकं जास्त कशाला, असं वाटेल. कारण काचेवर फवारा पडला की वाऱ्याने अल्कोहोल आधी उडून जातं आणि मागे पाणीच उरतं, शिवाय उडताना ते काच आणखी गार करतं. म्हणून हातचं राखून मिसळायचं. हे पेट घेणारं द्रव्य आहे, तापलेल्या इंजिनावर किंवा सिगारेट ओढत भरू नका. उरलेलं पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, घरात मुलं असतात.

भरून झालं की एक काम बरेच जण विसरतात. टाकीत मिश्रण असलं तरी नळीत जुनंच पाणी असतं, आणि गोठतं तेच. म्हैसूर सोडण्याआधी दांडी ओढून अल्कोहोलचा वास येईपर्यंत फवारा उडवा.

मनाली-लडाखला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तिथल्या हिवाळ्यात टाकीच गोठते, आणि पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणजे काठोकाठ भरलेली टाकी फुटू शकते. तिथे घरगुती मिश्रणाच्या भानगडीत पडू नका. ज्यावर उणे किती अंशांपर्यंत चालेल ते छापलेलं असतं असं तयार द्रव घ्या. कॅनडातल्या आपल्या मंडळींना यात काही नवल नाही. तिथे पेट्रोलपंपावर उणे पस्तीस-चाळीस लिहिलेले निळ्या पाण्याचे कॅन रचलेले असतात. त्यात बहुधा मिथेनॉल असतं, ते विषारी आहे. युरोपीय संघाने २०१८ साली नियम करून सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वॉशरच्या द्रवातलं मिथेनॉल जवळजवळ बंदच केलं. मुळात वायपरचा शोधही थंडीचाच. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन बाईंनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामच्या चालकाची काचेपायी होणारी तारांबळ पाहिली आणि १९०३ मध्ये हाताने फिरवायच्या वायपरचं पेटंट घेतलं.

पाणी कुठलं वापरायचं हेही सांगतो. बोअरचं जड पाणी टाकीत भरलं तर क्षार साचून नोझल बारीक होत जातं, आणि बारीक नोझल लवकर गोठतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त मिळतं, ते घ्या. नोझल बुजलं असेल तर बारीक टाचणी तोंडातून हलकेच फिरवा, जोर लावलात तर फवाऱ्याची दिशा बदलेल आणि पाणी छतावर उडेल. उटीहून परतल्यावर मिश्रण काढून टाकायची गरज नाही, वापरून संपवा. मार्चच्या उन्हात त्यातलं अल्कोहोल हळूहळू उडून जाईल, म्हणून पुढच्या डिसेंबरला त्याच टाकीवर विसंबून निघू नका, नवीन भरा.