पाच माणसे आणि माणसे पाच

आकडा आला की अर्थ पक्का झाला, असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. आकडा नामाच्या आधी बसतो की मागून, यावरही अर्थ फिरतो.

पेण तालुक्यातल्या मिठागरांचेच उदाहरण घेऊ. 'तीन पोती मीठ' हे माप झाले. मीठ ढिगात असले तरी चालेल. 'मिठाची तीन पोती' म्हटले की भरलेली, शिवलेली पोती डोळ्यांसमोर येतात. हिशेबनीस 'मीठ, पोती ३' असे मांडतो, कारण त्याला आधी जिन्नस हवा असतो. कोरियन माणसाची बोलण्याची रीत याच्या जवळची आहे : 'सोगुम से फोदे', म्हणजे 'मीठ तीन पोती'. माणसे मोजताना तो आकड्यापुढे 'म्योंग' लावतो, मान द्यावयाचा तर 'बुन', जनावरांना 'मारी'. आपला 'जण' थोडेसे असेच काम करतो. तीन बैलांना कोणी 'तीन जण' म्हणत नाही.

आता 'पाच माणसे आली' ही बातमी झाली. 'माणसे पाच आली' यात मोजदाद आहे, आणि बहुधा तक्रारही : बोलावली होती दहा! मराठीत क्रम बदलला की जोर बदलतो. बंगालीत त्याहून अधिक घडते. 'तिनटे बोई' म्हणजे तीन पुस्तके. 'बोई तिनटे' म्हणजे ती ठरावीक तीन पुस्तके. मराठीत एवढे क्रमाने साधत नाही. तेथे 'ती' किंवा 'ही' घालावे लागते : 'ती तीन', 'तिन्ही'.

हे मी वाचले मागाहून; ठेच आधी लागली. रोह्याकडच्या एका कारखान्यातून पाच कामगार काढले होते. तडजोडीत लिहिले गेले, 'पाच कामगार कामावर घेण्यात येतील.' आम्ही आनंदाने सह्या केल्या. मालकाने पाच घेतले खरे. तिघे जुने, दोघे नवे. आकडा बरोबर होता! बाहेर राहिलेल्या दोघांना काय सांगावे, हे मला सुचेना. 'काढलेले ते पाचही कामगार' एवढे लिहावयाचे राहिले होते.

तेव्हापासून कागदावर आकडा दिसला की 'किती?' यावर मी थांबत नाही. 'कोणते?' हेही विचारतो, आणि उत्तर नावानिशी लिहून घेतो.