गुलेन-बॅरी विकाराचा प्रादेशिक आढळ

मज्जातंतूंचा गुलेन-बॅरी हा विकार २०२५ सालापर्यंत महाराष्ट्रात सर्वसामान्यांच्या फारसा ऐकण्यात नव्हता. त्या वर्षीच्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या परिसरात त्याचे रुग्ण एकापाठोपाठ आढळले आणि ‘जीबीएस’ ही अक्षरे घरोघरी पोहोचली. विकार मात्र जुना आहे. गुलेन, बॅरी व स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ साली दोन सैनिकांच्या आजारावरून त्याचे वर्णन केले. यांपैकी स्ट्रोल यांचे नाव पुढे गळाले ते कायमचेच.

या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. बहुधा आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणाऱ्या ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ या जिवाणूच्या आवरणातील काही घटक मज्जातंतूंवरील घटकांशी मिळतेजुळते असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्यामुळे मज्जातंतूंनाही शत्रू समजतात. एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या येतात, बळ कमी होते आणि लुळेपणा वर सरकत जातो. श्वसनाचे स्नायू निकामी झाल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज लागते. अशी वेळ साधारणतः चार-पाच रुग्णांमागे एकावर येते. बहुतेक रुग्ण बरे होतात, परंतु त्यास महिने लागतात. हा विकार एका माणसाकडून दुसऱ्यास होत नाही. पसरतो तो त्याच्या आधीचा संसर्ग.

जगात दरवर्षी लाख लोकांमागे एक ते दोन जणांना हा विकार होतो. हा आकडा सर्वत्र सारखा वाटला तरी विकाराचे रूप सर्वत्र सारखे नाही. युरोप-अमेरिकेत मज्जातंतूंवरील वेष्टणास इजा होण्याचा प्रकार अधिक आढळतो. १९९१ साली उत्तर चीनच्या ग्रामीण भागातील मुलांत निराळाच प्रकार नोंदला गेला. त्यात प्रत्यक्ष तंतूलाच इजा होत होती व साथी उन्हाळ्याच्या सुमारास येत होत्या. बांगलादेशातही हा प्रकार बराच दिसतो. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ मध्ये झिका विषाणूच्या साथीमागोमाग ४२ रुग्ण आढळले. पेरू देशाने २०२३ साली याच विकारासाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली. पुण्याशी सर्वाधिक साम्य आहे ते अमेरिका-मेक्सिको सीमेवरील २०११ च्या घटनेचे. तेथे २६ रुग्ण निघाले आणि पाण्याच्या अपुऱ्या निर्जंतुकीकरणाकडे तपासाचे बोट वळले.

पुण्यात रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांतील रुग्ण त्यांत सर्वाधिक होते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर व नोरोव्हायरस आढळले आणि नांदेड गावच्या विहिरीवरून होणाऱ्या पाणीपुरवठ्याकडे लक्ष गेले. उपचारासाठी लागणारी इंजेक्शने अत्यंत महाग असल्याने शासनाने मोफत उपचारांची व्यवस्था केली.

धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख. जागतिक प्रमाण लावल्यास वर्षाकाठी १६ ते ३३ रुग्ण अपेक्षित धरावे लागतील. तीस हजार लोकवस्तीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्यास दोन-तीन वर्षांतून एक रुग्ण येईल. तेव्हा एकाच केंद्राच्या हद्दीत पंधरवड्यात तीन रुग्ण निघाले, तर तो योगायोग मानणे धोक्याचे आहे.

तुळजापूरचा प्रश्न आणखी वेगळा आहे. नवरात्रात व अश्विन पौर्णिमेस भवानीच्या दर्शनास लाखो भाविक येतात, अनेक सोलापूरहून पायी येतात, आणि दोन-तीन दिवसांत पांगतात. वाटेवर किंवा तीर्थक्षेत्री दूषित पाणी पोटात गेले, तर जुलाब घरी पोहोचल्यावर आणि पायातील अशक्तपणा त्यानंतर दोन आठवड्यांनी सुरू होईल. मग एक रुग्ण लातूरला, दुसरा सोलापूरला, तिसरा कलबुर्गीला दाखल होईल. तिन्ही ठिकाणी तो एकटाच असेल. रुग्णाच्या पत्त्यावरून काढलेला नकाशा अशा वेळी कोराच दिसेल. म्हणून केसपेपरवर गावाच्या नावाबरोबरच ‘मागील तीन आठवड्यांत कोठे गेला होता व कोणते पाणी प्यायला’ या प्रश्नाचे उत्तरही लिहिले गेले पाहिजे. हा प्रश्न विचारण्यास एक मिनिट पुरते.

नोंदीची एक चांगली पद्धत आपल्याकडे आहेच. पंधरा वर्षांखालील मुलास अचानक लुळेपणा आल्यास पोलिओच्या देखरेखीसाठी त्याची माहिती आरोग्य यंत्रणेस तत्काळ द्यावयाची असते. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला, तरी ही देखरेख थांबलेली नाही, आणि तीत गुलेन-बॅरीची मुलेही सापडतात. प्रौढ मात्र या जाळ्याबाहेर राहतात. मुलगा पायऱ्या चढताना अडखळतो, जमिनीवरून उठताना आधार घेतो, हे शिक्षकांच्या नजरेस लवकर येते. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घालवलेले दोन दिवस महाग पडतात, कारण उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास अधिक लाभ होतो.

ग्रामपंचायतीच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे टी.सी.एल. पावडर. क्लोरीन मिसळल्यावर पाणी किमान एक तास राहू द्यावे लागते. ओ.टी. चाचणी टाकीजवळच्या नळावर करून भागत नाही. गावाच्या शेवटच्या घरच्या नळालाही दर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा लागतो. पावडरचे पोते उघडे व दमट जागी राहिले की तिचा जोर उतरतो. पुष्कळ ठिकाणी पावडर टाकल्याची नोंद वहीत असते, पण तिचा जोर तपासल्याची नसते. यात्रेच्या दिवसांत टँकर, हॉटेलांच्या टाक्या आणि रस्त्यालगतच्या पाणपोया यांनाही हीच चाचणी लागू करणे अगत्याचे आहे.