सांडवा वाहतो म्हणून धरण फुटत नाही

पावसाळा सरत आला की हर्सूल तलाव यंदा भरतो का, याकडे छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांचं लक्ष लागतं. भरलाच, तर सांडव्याजवळ बघ्यांची गर्दी होते आणि मोबाइलवर त्याच सांडव्याची चित्रफीत फिरू लागते: ‘तलाव ओव्हरफ्लो झाला, बांध कधीही फुटेल, खाम नदीकाठच्यांनी सावध राहा.’ सुखना, गिरिजा, नारंगी-सारंगी असा कुठलाही प्रकल्प भरला की नाव बदलून हेच ऐकू येतं. दर वर्षी समजावून सांगावं आणि दर वर्षी तेच पुन्हा ऐकावं, याचा आता खरोखर वैताग येतो.

सांडवा वाहण्यासाठीच बांधलेला असतो. मराठवाड्यातल्या बहुतेक लहान धरणांच्या सांडव्याला दरवाजे नसतात. तलाव पूर्ण संचय पातळीला पोचला की जास्तीचं पाणी कुणी हात न लावता नदीत उतरतं. मातीच्या भरावाचा माथा या पातळीच्या काही मीटर वर ठेवलेला असतो. त्यातली काही उंची मोठ्या पुरात सांडव्यावर चढणाऱ्या पाण्यासाठी आणि उरलेली वाऱ्याने उसळणाऱ्या लाटांसाठी. म्हणजे सांडव्यावरून फूटभर पाणी वाहत असतं तेव्हा धरण आपलं नेमलेलं काम करत असतं.

धोका असतो तो पाणी मातीच्या माथ्यावरून जाऊ लागलं तर. वाहतं पाणी भरावाचा मागचा उतार कुरतडत जातं आणि काही तासांत खिंडार पडतं. 11 ऑगस्ट 1979 रोजी गुजरातेत मोरबीच्या वर असलेलं मच्छू-2 धरण असंच गेलं. पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा आला, पाणी दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावांवरून गेलं आणि ते वाहून गेले. मधला दगडी सांडवा मात्र उभाच राहिला.

तेव्हा विचारायचंच असेल तर सांडवा वाहतो का, हे विचारू नये. तो पुरेसा आहे का आणि मोकळा आहे का, हे विचारावं. धरणाची सुरक्षितता तपासणाऱ्याचं काम इथूनच सुरू होतं. सांडवा किती पुरासाठी बांधायचा हे भारतीय मानक 11223 (1985) सांगतं. साठा अर्धा ते 10 दशलक्ष घनमीटर (दलघमी) आणि पाण्याची उंची साडेसात ते 12 मीटर असेल, तर ते लहान धरण. त्याला शंभर वर्षांचा पूर धरायचा, खाली दाट वस्ती असेल तर त्याहून मोठा. पण ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हटलं की लोक म्हणतात, 2006ला येऊन गेला, आता आपल्या नातवंडांनी बघावं. तसं नसतं. हा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का, इतकाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी आला म्हणून या वर्षीची शक्यता कमी होत नाही, आणि पन्नास वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या आसपास भरते. शिवाय धरण बांधताना हाताशी असलेल्या पावसाच्या नोंदी जुन्या असतात. म्हणूनच पुराचा हिशेब अधूनमधून नव्याने करावा लागतो.

आणि इथेच मला सगळ्यात चिंतेची वाटणारी मागणी येते: ‘सांडव्याची उंची वाढवा, साठा वाढेल.’ दुष्काळी भागात ती का होते हे कळतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला डोळ्यांदेखत वाहून जाणारं पाणी सोसवत नाही. पण सांडव्यावर वाळूची पोती रचली किंवा दोन फुटी भिंत चढवली, की ती उंची पुरासाठी राखलेल्या जागेतूनच जाते. भराव तेवढाच राहतो आणि माथा पाण्याच्या दोन फूट जवळ येतो. सांडव्याखालच्या नाल्यात वाढलेली वेडी बाभूळ, तिथे कुणी केलेली शेती, टाकलेला राडारोडा यांचाही परिणाम तोच. वाहणाऱ्या सांडव्याला घाबरणारी माणसं तुंबलेल्या सांडव्याबद्दल तक्रार करताना दिसत नाहीत. खरं तर तीच करायला हवी.

बरं, माथ्यावरून पाणी जाणं हे फुटण्याचं निम्मंच कारण आहे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या फॉस्टर, फेल आणि स्पॅनगल यांनी जगभरातल्या फुटलेल्या मोठ्या मातीच्या धरणांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध केला. त्यात जवळजवळ निम्म्या घटना माथ्यावरून पाणी गेल्याच्या किंवा सांडव्याच्या दोषाच्या होत्या, आणि जवळजवळ तितक्याच भरावातली किंवा पायातली माती पाण्याबरोबर आतून वाहून गेल्याच्या. ही दुसरी घटना निरभ्र आकाशाखाली, तलाव भरलेला असताना, कुणाला न दिसता घडत असते.

मातीचं प्रत्येक धरण थोडं पाझरतं. मधला काळ्या मातीचा गाभा पाणी रोखतो, त्यामागची वाळूची गाळणी पाझर येऊ देते पण मातीचे कण अडवते, आणि हे पाणी मागच्या पायथ्याच्या दगडी भागातून बाहेर पडतं. म्हणून ‘ओल दिसली, धरण गेलं’ हेही चूक आणि ‘धरण आहे, पाझरणारच’ हेही चूक. पाझर मोजायचा असतो. पायथ्याशी व्ही आकाराची खाच असलेली पट्टी बसवून प्रवाह नोंदवतात आणि तलावाच्या पातळीशी ताडून पाहतात. पातळी तीच असताना पाझर वाढला, तो नव्या जागी फुटला, किंवा पाणी गढूळ येऊ लागलं, तर आत माती हलते आहे. त्याच दिवशी वर कळवायची ही गोष्ट आहे.

2 जुलै 2019च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचं सांगितलं आणि तेव्हापासून ‘खेकड्यांनी धरण पोखरलं’ हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. खेकडे, उंदीर, घुशी भरावात बिळं करतात, हे खरंच आहे. तपासणी करणारा बिळं शोधतो, ती उकरून नीट माती भरून घेतो. पण म्हणूनच बीळ हे कारण पुरेसं ठरत नाही. ते वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नाही, बुजवलं नाही, ही माणसांची कसूर आहे. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, हे विसरू नये.

‘तपासतंय कोण?’ असं हताशपणे म्हणणाऱ्यांसाठी: धरण सुरक्षा कायदा 2021च्या 30 डिसेंबरपासून लागू आहे. 15 मीटरहून उंच धरणं त्यात येतात. 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर येतात, उदाहरणार्थ माथ्याची लांबी किमान 500 मीटर किंवा साठा किमान एक दलघमी असेल तर. अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यांकन बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तर नाशिकची धरण सुरक्षितता संघटना 1980पासून हे काम करते. तपासणीच्या अहवालात उणिवांची तीव्रतेनुसार वर्गवारी असते. त्या अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. मात्र 10 मीटरखालचे पाझर तलाव आणि गावतळी या कायद्याबाहेर राहतात.

आणखी काही वाक्यं नेहमी कानावर येतात. ‘लहान धरणाला काय होतंय?’ तिवरे काही जायकवाडीसारखं मोठं धरण नव्हतं. धोका साठ्याइतकाच खाली कोण राहतं यावरही ठरतो.

‘जुनं धरण धोक्याचं, नवं सुरक्षित.’ पानशेत 12 जुलै 1961ला फुटलं तेव्हा पाणी अडवण्याचा त्याचा पहिलाच पावसाळा होता.

‘भरावावर झाडं लावली की माती धरून ठेवतात.’ गवत धरतं. झाडाचं मूळ आत शिरतं आणि झाड वाळलं की तिथे पाण्याला वाट मिळते.

‘खामला पूर आला म्हणजे हर्सूलचा बांध फुटला.’ बांध ठणठणीत असतानाही सांडव्याचं पाणी आणि शहरभरच्या नाल्यांचं पाणी एकत्र येऊन पाणचक्की, बारापुल्ल्याकडच्या काठावर चढू शकतं. तिथे पात्रात झालेली बांधकामं आणि टाकलेला भराव मोजावा लागेल. तो हिशेब धरणाच्या तपासणी अहवालात सापडणार नाही. महापालिकेकडे नदीची पूररेषा मागावी लागेल.