पंखाखालची बारीक दांडी

मराठीत पतंग दोन. एक मांज्यावर उडतो, दुसरा दिव्यावर झेपावतो. जेफ्री डी हॅविलँड या इंग्रज विमानकाराला दुसऱ्या पतंगाचं वेड होतं. फुलपाखरं आणि पतंग गोळा करणं हा त्याचा लहानपणापासूनचा छंद. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनच्या स्टॅग लेन मैदानावरून त्यानं आपलं दोन आसनांचं नवं छोटं विमान उडवलं. जमिनीवर उतरलं की त्याचे पंख मागे मिटवून ठेवता येत. नाव ठरलं ‘मॉथ’, म्हणजे पतंग. पुढे त्या घराण्यात जिप्सी मॉथ आलं, टायगर मॉथ आलं, आणि १९२९ च्या सप्टेंबरात जे पहिल्यांदा उडालं ते ‘पुस मॉथ’.

आपल्याकडे पुस मॉथची ओळख एका दिवसाशी बांधलेली आहे. १५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमाराला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एकटे निघतात, अहमदाबादला पेट्रोल भरतात, दुपारी दोनच्या आत जुहूला उतरतात. तिथून नेव्हिल व्हिंटसेंट हा त्यांचा सहकारी दुसऱ्या पुस मॉथमधून टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेतो. भारतीय विमानसेवेचा जन्म असा झाला, हे आपण कौतुकानं सांगतो आणि सांगावंच. पण त्याच वर्षी, त्याच जातीची विमानं जगात इतरत्र भर आकाशात मोडून पडत होती. ही दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मला ती पहिलीइतकीच मोलाची वाटते.

आधी विमान कसं होतं ते पाहू. जुन्या मॉथला एकावर एक असे पंखांचे दोन मजले होते, आणि वैमानिक उघड्या खाचेत बसून वारा, पाऊस, इंजिनाचं तेल सगळं तोंडावर झेलत असे. पुस मॉथला वरती एकच पंख आणि खाली काचेच्या खिडक्यांची बंद खोली. वैमानिक पुढे, मागे एक किंवा दाटीवाटीनं दोन प्रवासी. अंगरखा, टोपी, चष्मा न घालता घरच्या कपड्यांत विमानात बसायचं, ही तेव्हा चैन होती. अंगाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी, वरून कापड ताणून बसवलेलं. १२० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन उलटं, म्हणजे सिलिंडर खाली करून बसवलेलं, त्यामुळे वैमानिकाला समोरचं मोकळं दिसे. चाकांच्या पायांवरची आवरणं आडवी फिरवली की ती वाऱ्याला अडून वेग कमी करत; उतरताना ब्रेकसारखा उपयोग. ताशी शंभर मैल हा त्याचा सहज चालीचा वेग. बर्ट हिंक्लर या ऑस्ट्रेलियन वैमानिकानं १९३१ मध्ये त्यात बसून दक्षिण अटलांटिक एकट्यानं ओलांडला, जिम मॉलिसननं १९३२ च्या ऑगस्टात उत्तर अटलांटिक उलट्या वाऱ्यात पूर्वेकडून पश्चिमेला पार केला. एकूण २८४ पुस मॉथ बांधली गेली.

आता अपघातांकडे वळताना थोडं मागे जावं लागतं. १३ मे १९१२ रोजी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या मैदानात ई. व्ही. बी. फिशर या वैमानिकाचं विमान पडलं. तो आणि त्याचा प्रवासी दोघंही गेले. रॉयल एअरो क्लबच्या समितीनं त्याची चौकशी करून अहवाल लिहिला. विमान अपघाताचा पहिला रीतसर अहवाल म्हणून तो ओळखला जातो. त्यात दोष वैमानिकाच्या पदरी पडला. वळण घेताना शेपूट खाली होती, धोका त्यानं ओळखला नाही. निष्कर्ष बरोबरच असेल. पण पुढची वीस वर्षं चौकशीची नजर पहिल्यांदा तिथेच जात राहिली, आणि ज्याच्याकडे ती जाई तो उत्तर द्यायला हजर नसे.

वैमानिकांच्या चुका होत नव्हत्या असं नाही. नाक वर, वेग कमी, पंखाची उचल संपली की विमान एका अंगावर कलतं आणि भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. १९१२ च्या ऑगस्टात विल्फ्रेड पार्क हा वैमानिक अशा भोवऱ्यात सापडला आणि जमिनीपासून जेमतेम पन्नास फुटांवर सुटला. गिरकीच्या उलट दिशेला पाय दाबल्यानं विमान सरळ झालं, हे त्यानं सांगितलं आणि ते ज्ञान सगळ्यांचं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात इंजिन नीट ताकद देईना म्हणून तो मागे वळायला गेला आणि पडला. उड्डाणानंतर इंजिन मंदावलं तर मागे वळू नये, समोर मिळेल त्या शेतात उतरावं, हा धडा आजही नवशिक्याला पहिल्या महिन्यात घोटवून घेतात. तो अशा मरणांतून आलेला आहे.

पुस मॉथचं तसं नव्हतं. १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एक पुस मॉथ हवेत मोडलं. ५ मे १९३१ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या ड्रॅकेन्सबर्ग डोंगरांत दुसरं. त्यात ग्लेन किड्स्टन होता. हा माणूस आधीच दंतकथा झालेला: नौदलातला, मोटारशर्यतीत १९३० ची ल मां जिंकलेला, १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये पडलेल्या जर्मन प्रवासी विमानातून एकटा वाचलेला. महिनाभरापूर्वीच तो स्वतःच्या विमानानं इंग्लंडहून साडेसहा दिवसांत केपटाऊनला पोहोचला होता. उसन्या घेतलेल्या पुस मॉथमधून डोंगरावरच्या खवळलेल्या हवेत शिरला आणि विमान फुटलं. पुढच्या वर्षी जुलैत इंग्लंडमध्ये सरे परगण्यात आणखी एक. त्यात एका ब्रिटिश खासदाराची पत्नी आणि मुलगा होते. अशा एकूण नऊ अपघातांचा अभ्यास पुढे चौकशी करणाऱ्यांनी केला.

पहिला तर्क सोपा होता. वैमानिकानं खराब हवेत वेग आवरला नसेल, झटक्यानं नाक वर ओढलं असेल. मेलेल्या माणसावर ठेवलेला आरोप खोडून काढणं कठीण असतं. पण एकाच जातीचं विमान तीन खंडांत, वेगवेगळ्या हातांखाली सारखंच मोडत असेल तर हात सोडून विमानाकडे पाहावं लागतं. ब्रिटनच्या हवाई खात्यात अपघात चौकशीची एक छोटी शाखा होती. १९१५ मध्ये कॅप्टन जॉर्ज कॉकबर्न या एका निरीक्षकापासून सुरू झालेली. तिच्या माणसांचं काम रानावनात विखुरलेले तुकडे गोळा करण्याचं. कुठला तुकडा सगळ्यात मागे पडला, म्हणजे आधी सुटला? लाकूड ओढलं जाऊन तुटलं की दाबाखाली पिचलं? ओढून तुटलेल्या लाकडाचे लांबच लांब सळे निघतात, पिचलेल्याचे तंतू आखूड चुरगळतात. दांडी वाकली तर कुठल्या बाजूला? आजोबा लोक विहिरीवरच्या तुटलेल्या मोटेचा दोर हातात घेऊन तो कशानं तुटला हे सांगत, तसंच हे वाचन आहे. फक्त इथे वाचणाऱ्याला दूरवर पसरलेलं पान आधी जुळवावं लागतं.

दुसरं काम टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांचं. हवेत पंखाला काय होतं हे त्यांनी तपासलं. पुस मॉथच्या प्रत्येक पंखाला खालून दोन तिरप्या दांड्या, एक पुढे, एक मागे. साध्या उड्डाणात हवा पंखाला वर उचलते, त्यामुळे दांड्या ताणल्या जातात. ताणलेली दांडी बारीक असली तरी चालते. पण वेग वाढला की उचलीचा भार पंखाच्या मागच्या कडेकडे सरकतो आणि पुढची कड उलट खाली दाबली जाते. वर खवळलेल्या हवेचा हिसका बसला की पुढची दांडी क्षणभर ताणाऐवजी दाबाखाली येते. उसाचं कांडं दोन्ही टोकांनी दाबावं तसं मग ती मध्येच धनुष्यासारखी वाकते. तिची पकड गेली की पंख पिळवटतो आणि फडफडू लागतो.

ही फडफड समजून घ्यायला हवी. उन्हात वाळत घातलेलं धोतर वाऱ्यात सुरुवातीला हळू हलतं, मग एका क्षणी तडतडायला लागतं आणि वारा जाईपर्यंत थांबत नाही. विमानाच्या पंखाचंही एका विशिष्ट वेगाला असंच होतं. तो वाकतो, पिळतो, आणि प्रत्येक हेलकाव्याला हवाच नवा जोर देते. वैमानिकाला कळेपर्यंत काही सेकंद, आणि त्या सेकंदांत पंख गेलेला असतो. वैमानिकानं घाई केली, असं कुणीतरी चौकशीच्या टेबलाशी म्हटलं असेल, पण त्या सेकंदांत त्याच्या हातात करण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. हे वाचताना माझ्या मनात अजूनही कालवाकालव होते.

उपाय निघाला तो नवल वाटावं इतका लहान. पुढच्या तिरप्या दांडीला मध्येच आधार देणारी, मागच्या बाजूला पंखाच्या मुळाशी बांधलेली आणखी एक बारीक दांडी. पडू पाहणाऱ्या भिंतीला, केळीच्या लोंगराला आपण धिरा देतो तसा धिरा. वाकायला लागणारी दांडी मध्येच अडवली की तिची दाब सोसण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. त्याबरोबर दिशा देणाऱ्या सुकाणूला आणि पंखाच्या टोकाच्या झडपांना बिजागरीच्या पुढे वजनं लावून तोल दिला, म्हणजे फडफडीला तिथून सुरुवात होऊ नये. त्यानंतर पुस मॉथ हवेत मोडण्याची ती मालिका थांबली.

आता पुन्हा जुहू. सरे परगण्यातला अपघात जुलैचा, टाटांचं टपाल ऑक्टोबरचं. ७ जानेवारी १९३३ ला लंडनहून एकटा निघालेला हिंक्लर इटलीच्या प्रातोमान्यो डोंगरावर पडला. त्याचं शव एप्रिलच्या अखेरीस सापडलं. त्याचंही विमान पुस मॉथच. म्हणजे आपली विमानसेवा रांगत होती त्याच हिवाळ्यात या जातीच्या विमानाभोवती दबलेली काळजी होती. तरीही टाटांची विमानं उडत होती. वायरलेस नाही, मार्गदर्शक दिवे नाहीत. अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आणलेल्या पत्र्याच्या डब्यांतून ओतलं जाई. जुहूची जमीन खाजणीची. पावसाळ्यात भरती आली की पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत मुक्काम पुण्याला येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावर हलवत. पश्चिम घाटावरून आषाढात ढगांच्या खाली राहून पुण्याला उतरणं म्हणजे काय, हे ज्यानं खंडाळ्याचा घाट पावसात रेल्वेनं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षात या सेवेनं सुमारे १,६०,००० मैल अंतर कापलं आणि वक्तशीरपणासाठी सरकारी अहवालात तिचं नाव घेतलं गेलं.

१९३३ मध्ये डी हॅविलँडनं पुस मॉथचा पुढचा भाऊ आणला, लेपर्ड मॉथ. अंग पोलादी नळ्यांऐवजी लाकडी प्लायवूडचं, पंख टोकाकडे निमुळते. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून निघाले, अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते या लेपर्ड मॉथमधून. पुस मॉथ मात्र आता जगात मोजकीच उरली आहेत. त्यांचं छायाचित्र कधी हाती आलं तर चकचकीत रंग आणि उलटं इंजिन पाहून झाल्यावर पंखाखाली नजर न्यावी. पुढच्या तिरप्या दांडीला मधूनच धरणारी, बोटाएवढी वाटणारी एक आणखी दांडी दिसेल.