पाचाला एक

शिरपूरच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या फळीवर तो खोका दिसला. चकचकीत पुठ्ठा, त्यावर नारळाचं चित्र आणि आत साबणाच्या वड्यांसारखे काटेकोर काळे चौकोन. हुक्क्याचा कोळसा! खाली, त्याच दुकानाच्या पायरीला टेकून बाभळीच्या कोळशाचं पोतं उभं होतं, त्याची धूळ पार गटारापर्यंत सांडलेली. खान्देशात चिलीम ओढणारे खेड्याखेड्यात आहेत. त्यांना कोळसा विकत घ्यावा लागत नाही, चुलीतला निखारा चिमट्याने उचलला की झालं. मग हा खोका कोण नेतं? "नेतात पोरं, शेतावर पार्ट्या करतात," एवढं बोलून दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी खोकाही घेतला आणि किलोभर बाभळीचा कोळसाही. फळीवर 'झटपट पेटणाऱ्या' गोल चकत्यांची नळी होती, तीही घेतली. हे सगळं पारखायला घेऊन गेलो ते अप्पांकडे. अप्पा आयुष्यभर कोळशाच्या इस्त्रीवर कपडे करत आलेत. आजूबाजूच्या इस्त्रीवाल्यांनी गॅस घेतला, अप्पांची पितळी इस्त्री अजून निखाऱ्यावर चालते. कोळशाला अप्पांइतकं घाबरणारा माणूस दुसरा नसेल. एक ठिणगी उडाली तर दुसऱ्याचा सदरा जातो आणि भरपाई यांच्या खिशातून.

त्यांनी आधी बाभळीचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले. खणखणले. मोडून पाहिला, मोड चकचकीत निघाली. साल चिकटलेला एक तुकडा त्यांनी न बोलता बाजूला टाकला. साल राहिलेला, अर्धवट भाजलेला किंवा ओल धरलेला कोळसा तडतडतो. मग नारळाचा चौकोन फरशीवर टाकला. ठप्प. "हाऊ मुका कोयसा शे," अप्पा म्हणाले, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागला होता. तरी शेगडी पेटवली.

सर्वांत आधी चकती पेटली. काडी लावताच तिच्या अंगावरून बारीक ठिणग्या सरसरत गेल्या आणि दिवाळीतल्या फटाक्यांचा वास सुटला. वास तोच असणार, कारण फटाक्यांच्या दारूसारखा अशा चकत्यांतही बहुधा सोरा घालतात, तो स्वतःचा प्राणवायू पुरवतो आणि मिनिटभरात निखारा तयार होतो. हा वास तंबाखूबरोबर ओढणाऱ्याच्या छातीत जातो. अप्पांनी चिमट्याने ती चकती उचलून सरळ रस्त्याच्या कडेला ठेवली. बाभूळ थोडी तडतडली, मग लाल झाली. नारळाचा चौकोन मात्र हलेना. आठ-दहा मिनिटं जाळावर धरल्यावर कडा लाल झाल्या, आणि मग तो एकदा पेटला तो पेटलाच. धूर नाही, वास नाही, राख करडी आणि जागच्या जागी. हुक्केवाल्यांना तो का आवडतो ते कळलं, तासभर त्याच्याकडे बघायला नको.

अप्पांना नेमकं तेच नको होतं. इस्त्रीला हवेत दोन झोके दिले की निखारा फुलला पाहिजे, खाली ठेवली की निवला पाहिजे, म्हणजे सुती धोतर आणि टेरिकॉटची पँट एकाच घाण्यात निघते. नारळाचा चौकोन झोक्याला दाद देत नाही, शिवाय भाव ऐकून अप्पा हसले. त्यांना खरी आठवण येते ती अंजनाच्या कोळशाची. सातपुड्यातला अंजन इतका जड की लाकूड पाण्यात बुडतं, आणि कोळसाही तसाच, दाट आणि चिवट. आता अंजनाला हात लावायची सोय नाही, आणि तेही बरंच आहे. लाकूड जड तितका निखारा टिकाऊ, हलकं तितका तो भुरकन जाणारा. म्हणून तर बंदुकीच्या दारूसाठी तुरीच्या काड्यांचा कोळसा चाले. आपल्याकडे भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतात. तिथे निखारा टिकायला नको असतो, भडकलेला जाळ आणि धुराचा वास हवा असतो.

दाबून केलेला कोळसा नवा आहे असंही नाही. हुक्क्यासाठी कोळशाची पूड भाताच्या पेजेत मळून 'गुल' वळायची जुनी रीत आहे. तंबाखू अकबराच्या दरबारात पोचली तीही दक्षिणेतून. असद बेग नावाचा दूत १६०४च्या सुमाराला ती विजापूरहून घेऊन गेला. आज पूड करवंटीची असते, पेजेच्या जागी साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च असतो आणि माल इंडोनेशियाहून जहाजाने निघतो. करवंटीसाठी झाड तोडावं लागत नाही, हे या चौकोनाच्या बाजूने बोलायलाच हवं. त्यापलीकडे त्याचं कौतुक मला जमत नाही. धूर दिसत नाही म्हणून तो साळसूद वाटतो, पण निखारा कुठलाही असो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वासच नसतो. हुक्क्याच्या एका बैठकीत शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितलं होतं. मुंबईत कमला मिलला २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर आग लागून १४ माणसं गेली, तेव्हा अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या उडत्या निखाऱ्यांवरच बोट ठेवलं गेलं. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लरांवर बंदीचा कायदा केला. खोका मात्र फळीवर आहे.

बाभळीचं पोतं कुठून येतं, हे अप्पांनीच सांगितलं. तापीच्या बाजूला, वेडी बाभूळ माजलेल्या एका पडीक रानात भट्टी लागली होती. लाकूड गोल रचायचं, वर पाला आणि ओली माती थापायची, मधून विस्तव टाकायचा, बुडाशी भोकं ठेवायची. सांगायला काम एवढंच. ते ज्यांनी केलं होतं त्या जोडप्यातला नवरा मी तिथे पोचलो तेव्हा झोपला होता. रात्रीची पाळी त्याची. जागी होती ती बाई, पन्नाशीची, डोंगराकडच्या गावातली. मी नमस्कार केला, पण तिची नजर धुरावरून हलली नाही.

तिच्याकडून धूर वाचायला शिकावं. पहिला पांढरा आणि जड, ते लाकडातलं पाणी. मग पिवळट, डोळ्यांत मिरची गेल्यागत झोंबणारा. तो विरळ होऊन निळसर झाला की भोकं बुजवायची. थोडी घाई झाली तर कोळसा अर्धवट राहतो, म्हणजे अप्पांचा सदरा जळतो, उशीर झाला तर राख होते. माझ्यासमोर ढिगाच्या एका अंगाला भेग पडली. बाई पाटी घेऊन भट्टीवर चढली, अनवाणी, आणि ओल्या मातीने भेग लिंपून खाली आली. आत पोकळी झाली असेल तर पाय थेट निखाऱ्यात जातो. त्याबद्दल मी तिला विचारलं तेव्हा तिने फक्त पोटरीवरचा जुना डाग दाखवला.

किती निघतो कोळसा? "पाच मन लाकूड, एक मन कोयसा. पाचले एक." उरलेले चार मण धूर होऊन माझ्या शर्टात बसले होते, दोन धुण्यांनंतरही वास गेला नाही. मजुरी पोत्यावर. पाच मण तोडायचं, ओढायचं, रचायचं, त्यावर रात्रीमागून रात्री जागायचं आणि पैसे एका मणाचे. पाचाला एक. रायगडकडचे कातकरी अशाच भट्ट्यांवर ठेकेदाराची उचल घेऊन सहकुटुंब जातात आणि उचल फिटत नाही म्हणून अडकून पडतात. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६चा आहे. या बाईनेही उचल घेतली होती. किती, ते तिने सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. वन अधिनियमात कोळसा हा वनोपज आहे, जंगलातला असो वा शेताच्या बांधावरचा. त्यामुळे परवान्याचे कागद ठेकेदाराच्या खिशात, आणि ज्याच्या खिशात कागद तोच मालक.

खिशातला नारळाचा चौकोन मी तिला दाखवला. तिने तो नखाने खरवडला, हुंगला. याला लाकूड किती लागतं? मी म्हटलं, लाकूड नाही मावशी, करवंट्या भाजून त्यांची पूड करतात, खळ घालून दाबतात.

"मंग त्या करवंट्या कोन भाजस?"

याचं उत्तर खोक्यावर छापलेलं नव्हतं. ती मात्र खळीपाशी अडली होती. कुठली खळ, किती, तांदळाची चालेल का? पोती भरून झाली की तळाला चुरा उरतो. ठेकेदार तो मोजत नाही, भट्टी हलली की तो तिथेच पडून राहतो. मागच्या रानात किती, त्याआधीच्या रानात किती, हे ती बोटांवर मोजू लागली. तिचा नवरा उठून बसला होता. त्यालाही तिने चौकोन दिला आणि मला म्हणाली, "फक्त ठेकेदारले सांगू नका."