काल किती जणांचा भात शिजला?

रत्नागिरी जिल्ह्यात माणसं मोजणं एरवीही अवघडच. २०११च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे १,१२२ बायका निघाल्या. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची सोडून सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. पुरुष गेले कुठे, हे शाळकरी पोरही सांगेल. मुंबईला.

२०२० साली तेच चाकरमानी गावी आले, आधी कोरोनाच्या टाळेबंदीमुळे, मग ऑगस्टात गणपतीसाठी. १५ सप्टेंबरला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. मी संगमेश्वर तालुक्यात आशा सेविका आहे. तिघांचं पथक, दिवसाला पन्नास घरं, प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन बघायचा. पन्नासचा आकडा ठरवणारा आमच्या पाखाड्या कधी चढला नसावा!

थर्मल गन कपाळासमोर धरणं सोपं. ऑक्सिमीटरला मात्र गार, ओलं बोट चालत नाही. शेतातून आलेल्या बाईला आधी तळवे चोळायला लावायचे, नाहीतर ९५च्या खाली भलताच आकडा दिसून घर घाबरतं. पण खरी अडचण यंत्राची नव्हती. “घरात किती माणसं?” म्हटलं की मुंबईचा मुलगा उत्तरातून गळायचा. तो पाव्हणा. त्याचं नाव मुंबईच्या रेशनकार्डावर, अंथरूण इथल्या माजघरात. आजारी पडला तर धरायचा कुठे? आणि खोकला तर कुणालाच नव्हता, कारण खोकला म्हटलं की शाळेत विलगीकरण आणि वाडीभर चर्चा. मग मी विचारायचे, “काकू, काल किती जणांचा भात टाकलात? काढा कुणासाठी उकळलात?” भाताचा हिशेब कुणी लपवत नाही.

आमचं सर्वेक्षण घरोघरचं. काही सर्वेक्षणांत मोजकीच माणसं निवडून रक्त तपासतात. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत तसं केलं, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. नुसत्या दवाखान्यात आलेल्यांवरून हे कळलं नसतं. बऱ्याच जणांना आजार होऊन गेल्याचा पत्ताही नव्हता. मात्र अशा पाहणीत निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी व्हावी लागते. निवडलेलं घर बंद म्हणून शेजारचं उघडं घर घेतलं, की दिवसभर कामावर असणारी माणसं आकड्यांतून गायब होतात, आणि बाहेर फिरणारी तीच असतात.

म्हणून बंद घरांसाठी मी वहीत वेगळा रकाना आखला. “शंभर टक्के लिहून टाक की,” असंही सुचवलं गेलं. मी ‘कुलूप’ लिहिलं. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या फेरीला भातकापणी सुरू झालेली, तेव्हा त्या दारांशी दिवेलागणीला गेले. बरीच उघडी मिळाली. एका घरात तर माणसं पहिल्या फेरीलाही आतच होती. शेजाऱ्याकडून बाहेरून कुलूप घालून घेतलं होतं.