बोटुकलीच्या खाद्यात बाइंडर घालताय? आधी पेंड तपासा



शेततळ्यात कटला, रोहू, मृगळची बोटुकली सोडली की आपण शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सुरू करतो. पावसाळ्यात याच पेंडीला बुरशी धरते. मग कुणीतरी सांगतं, "टॉक्सिन बाइंडर टाका, काही होत नाही." हे अर्धंच खरं आहे.

*बाइंडर काय करतो?*
बऱ्याच पाकिटांत बेंटोनाइट ही चिकणमाती असते. पेंड-मक्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. माशाच्या आतड्यात ते मातीच्या थरांत अडकतं आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतं. पण सगळंच अडकत नाही. बुरशीची इतर विषं तर ही माती फारशी धरत नाही.

*बोटुकलीला जपायचं का?*
लहान मासा वजनाच्या मानाने जास्त खातो, म्हणजे विषही जास्त जातं. मासे लगेच मरत नाहीत. यकृत खराब होतं, वाढ खुंटते आणि आपण बियाण्याला दोष देतो. १९६० च्या सुमारास अमेरिकेत ट्राउट माशांच्या हॅचरींत यकृताचा कॅन्सर पसरला. कारण निघालं सरकी पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन.

*हे करा*
✔ पेंड फोडून बघा. कुबट वास, हिरवट-पिवळी बुरशी किंवा गाठी दिसल्या तर ते पोतं बाजूला काढा.
✔ पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा. पंधरा दिवस पुरेल एवढाच माल आणा.
✔ बाइंडर पशुखाद्यासाठीचाच घ्या. पाकिटावर लिहिलेलं प्रमाणच वापरा. आधी थोड्या कोरड्या कोंड्यात मिसळा, मग सगळ्या खाद्यात.

*हे करू नका*
✘ बुरशीची पेंड उन्हात वाळवून किंवा शिजवून वापरू नका. बुरशी मरते, विष तसंच राहतं.
✘ तीच पेंड गाई-म्हशींना घालू नका. विष दुधात उतरतं. दुधासाठी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे.
✘ अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतात तो बेंटोनाइट किंवा तळ्यातली माती खाद्यात नको. १९९७ मध्ये अमेरिकेत खाद्यात गेलेल्या खाणीतल्या मातीमुळे कोंबड्या आणि कॅटफिशमध्ये डायऑक्सिन सापडलं होतं.
✘ खाद्यातून औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाइंडर घालू नका. माती काही औषधंही धरून ठेवते.

लक्षात ठेवा, बुरशी डोळ्यांना दिसते, विष दिसत नाही. पेंड चांगली दिसली तरी विष थोडंफार असू शकतं, बाइंडर तेवढ्यासाठी आहे. खराब पेंड खपवायला नाही. एका पोत्याचे पैसे वाचवायला गेलो तर अख्ख्या हंगामाची वाढ जाते.

शेततळं असलेल्या शेजाऱ्यालाही हा मेसेज पाठवा.